बाईंचा अर्धा प्रश्न

न्यूझीलंडमध्ये रोटोटुनातल्या ज्या रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, मी केअरगिव्हर म्हणून काम करते, तिथे सकाळच्या नाश्त्याला खिडकीजवळच्या टेबलावर रोज राजकारण चालायचं. एका बाजूला नव्वदीला टेकलेल्या एक निवृत्त शिक्षिका बसायच्या. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना नावानंच हाक मारायचे, पण मनातल्या मनात त्या बाईच होत्या. शाळेत शिकवणाऱ्यांना आम्ही दुसरं काय म्हणणार? त्यांच्या समोर एक आजोबा असायचे. त्यांचं सगळं आयुष्य गाईंच्या धारा काढण्यात गेलेलं. बाई एका पक्षाच्या पन्नास वर्षांच्या सभासद आणि आजोबा विरुद्ध पक्षाचे तितकेच जुने मतदार, पण दोघांनाही दुसऱ्या टेबलावर बसायचं नसायचं. एकदा आजोबा तापानं खोलीतच होते, तेव्हा बाईंनी अर्धा टोस्ट तसाच ठेवला आणि मला म्हणाल्या, "आज माझं चुकतंय असं सांगायला कुणीच नाही."

मी पॉरिज वाढता वाढता ऐकायचे, बोलायचे नाही. साताऱ्याहून इथे शिकायला आले, डिप्लोमा केला, ही नोकरी लागली, मग इथे कायम राहायची रेसिडेन्सी मिळाली, आणि पुढे मताचा हक्कही. मतदार यादीत नाव होतं, पण मत द्यायला कधी गेले नव्हते. पहिल्या वेळी ड्युटी होती, दुसऱ्या वेळी मुलगी तान्ही होती. खरं सांगायचं तर हे आपलं नाही असंच वाटायचं.

त्या वर्षी बाईंच्या पक्षाला आमच्या भागातला उमेदवार ठरवायचा होता. दोघं इच्छुक होते. भागातले सभासद एका हॉलमध्ये जमणार, दोघांची भाषणं ऐकणार, प्रश्न विचारणार आणि चिठ्ठ्या टाकून एकाला निवडणार, असं बाईंनी मला समजावून सांगितलं. मला ते खरंच वाटेना. माझ्या वडिलांनी एका पक्षासाठी भिंती रंगवल्या, सतरंज्या उचलल्या, पण तिकीट कुणाला मिळालं ते त्यांना सगळ्या गावाबरोबर पेपरातून कळायचं. बाईंना मी ते सांगितलं.

"मग ते चिडायचे नाहीत?"

"चिडायचे. दोन दिवस. मग परत भिंती रंगवायला जायचे."

बाई म्हणाल्या, "मला गेलंच पाहिजे. शनिवारी नेशील?"

शनिवारी माझी सुट्टी होती. मॅनेजरनं परवानगीसाठी बाईंच्या मुलाला फोन लावून माझ्याकडे दिला. तो म्हणाला, "तिला हल्ली माझ्या मुलांची नावं आठवत नाहीत. तिथे चारचौघांत काही झालं तर तिलाच वाईट वाटेल." मग तोच म्हणाला, "पण गेली नाही तर त्याहून वाईट वाटेल. घेऊन जा."

बाईंना दोन्ही इच्छुकांना एक प्रश्न विचारायचा होता, आणि आठवडाभर त्या टेबलावर तोच घोटत होत्या. रात्रीच्या पाळीला आमच्या विंगमध्ये दोघीच केअरगिव्हर असतात, कधी कधी त्यातली एक मी. एका खोलीतल्या बेलला त्या धावल्या, तर दुसऱ्या कुणाची तरी बेल वाजत राहते. तुम्ही निवडून आलात तर हे कसं बदलणार, असा तो प्रश्न. लिहून घ्या असं मी सुचवलं, तर म्हणाल्या, "मी कधी वर्गात कागद बघून शिकवलं नाही."

आजोबांनी प्रश्न ऐकला आणि मान हलवली. "कसं बदलणार विचारलंस तर भाषण देतील. कधी बदलणार ते विचार."

"तुमच्या पक्षाचा सल्ला नको मला."

"हा पक्षाचा नाही. दूध उचलायला टँकर येणार म्हणायचे, तेव्हा मी हेच विचारायचो."

दुसऱ्या दिवशी बाईंच्या प्रश्नाच्या शेवटी 'आणि कधी' जोडलेलं होतं.

शनिवारी व्हीलचेअर चढवता येते अशी टॅक्सी करून आम्ही गेलो. चर्चच्या मागचा साधा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, एका टेबलावर गोड पावासारखे स्कोन आणि चहाचा मोठा थर्मास. जेमतेम साठ-सत्तर माणसं असतील. अध्यक्षांनी 'किया ओरा' असा माओरी नमस्कार करून सुरुवात केली. मी सभासद नव्हते, म्हणून बाईंची खुर्ची पहिल्या रांगेत लावून मी भिंतीकडेला बसले.

पहिला इच्छुक तरुण वकील होता. कोट चांगला, आवाज त्याहून चांगला. दुसरी चाळिशीतली, शाळेच्या ऑफिसात काम करणारी बाई. तिचे कागद दोनदा खाली पडले. प्रश्नांची वेळ झाल्यावर बाईंनी हात वर केला. कुणीतरी माइक आणून दिला.

"आमच्या विंगमध्ये रात्री दोघीच असतात," बाई म्हणाल्या. आवाज खणखणीत होता. मग त्या थांबल्या. मला वाटलं, श्वास घेताहेत. पण त्यांचा हात माइकवर तसाच राहिला आणि पुढचं वाक्य येईना. "घाई नाही," अध्यक्ष हळूच म्हणाले. त्यामुळे आणखीच शांत झालं. बाई वळून माझ्याकडे बघू लागल्या. त्यांच्या मुलाचं ऐकायला हवं होतं, असं त्या क्षणी मला वाटून गेलं.

मी उभी राहिले. "मी तुमची सभासद नाही," मी अध्यक्षांना म्हणाले, "पण यांचा प्रश्न मला पाठ आहे."

अध्यक्षांनी हॉलकडे पाहिलं. मागून एक बाई म्हणाली, "बोलू द्या की तिला."

मला बाईंचे शब्द सांगायचे होते. 'त्यांच्याकडे दोघीच असतात' असं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "आम्ही दोघीच असतो. एकीकडे गेलो की दुसरी बेल वाजत राहते, आणि ती ऐकत आम्ही काम करतो. तुम्ही निवडून आलात तर हे कसं बदलणार? आणि कधी?" खाली बसल्यावर लक्षात आलं, की मी बाईंचा प्रश्न विचारता विचारता माझाच विचारला होता.

वकील छान बोलला. त्याच्या आजीपासून सुरू करून तो देशाच्या भविष्यापर्यंत गेला. दुसरी म्हणाली, "पहिल्या वर्षात होणार नाही. कधी होईल ते मला आज सांगता येत नाही. सांगितलं तर ते खोटं असेल." मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "विचारलंत ते बरं केलंत."

मतमोजणीत शाळेच्या ऑफिसातली ती निवडून आली, थोड्याच मतांनी. मी खूश होते. परत येताना टॅक्सीत म्हणाले, "आपली जिंकली."

"मी त्याला मत दिलं," बाई म्हणाल्या.

"पण ती खरं बोलली."

"खरं बोलली. म्हणूनच ती या भागातून निवडणूक जिंकणार नाही. पन्नास वर्षं बघते आहे मी." त्यांनी मांडीवरची शाल नीट केली. "आता ती उमेदवार आहे. तिची पत्रकं आण, घड्या घालायला बसू."

आणि खरंच बसल्या. रेस्ट होमच्या हॉलमध्ये पक्षाचं काम चालणार नाही असं मॅनेजरनं सांगितलं, म्हणून बाईंच्या खोलीत. माझी पाळी संपल्यावर मीही अर्धा तास बसायचे. माझ्या मनातला राग गेला नव्हता, पण त्यांच्या हातांचा वेग बघून तो ठेवायला जागा राहिली नाही.

निवडणुकीत मी पहिल्यांदा मत दिलं. मुलीला बरोबर नेलं होतं, रांगेत तिनं विचारलं, "आई, व्हू आर यू पिकिंग?" मी कानात सांगितलं. आमची उमेदवार पडली, आणि चांगलीच पडली. दुसऱ्या दिवशी आजोबा टेबलावर आले तेव्हा बाईंनी टोमण्यांना उत्तर द्यायची तयारी ठेवली होती, पण ते एवढंच म्हणाले, "तुमच्या बाईनं कष्ट बरे घेतले."

रात्रीच्या पाळीला अजून दोघीच असतात.

आता बाई बऱ्याचदा खोलीतच नाश्ता करतात. आजोबा वॉकर ढकलत तिथे जातात आणि मोठ्यानं पेपर वाचून दाखवतात. एखाद्या दिवशी बाईंना आपल्या पक्षाचं म्हणणं आठवत नाही. मग आजोबाच ते नीट मांडतात, आणि ते कसं चुकीचं आहे तेही सांगतात. परवा चादर बदलता बदलता मी म्हणाले, की तुम्ही त्यांची बाजू अर्धीच सांगताय. आजोबांनी पेपर खाली केला. "मग उरलेली तू सांग. बस." मला आणखी तीन खोल्या आवरायच्या होत्या. तरी बसले.