कांबळेकाकू आणि अर्धी बाटली निलगिरी

कांबळेकाकूंनी मला आयुष्यात एकदाही धड सर्दी उपभोगू दिली नाही.

नाक गळतंय, शाळा बुडतेय, आपण अंथरुणात लोळतोय, हा लहानपणीचा मूलभूत हक्क. तो काकूंनी मारला.

आता तक्रार करावी, तर काकू काल गेल्या.

एक शिंक ऐकू आली की समोरच्या फ्लॅटचं दार उघडायचं. हातात रस्त्यावरच्या निलगिरीची डहाळी. पानं उकळत्या पाण्यात, पातेल्यावर मी, माझ्यावर चादर, चादरीवर काकूंचा हात.

पळायला स्कोपच नाही.

शिवाय छातीला खोबरेलात कालवलेलं निलगिरीचं तेल, शाळेच्या रुमालावर त्याचेच थेंब. वर्गात मला 'दवाखाना' म्हणायचे.

ओळख मात्र झाली ती आमच्याच गाढवपणामुळे.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. गिरगावची चाळ सोडून आम्ही नव्याकोऱ्या वाशीत आलो. रस्ते रुंद, दुतर्फा निलगिरी, माणूस मात्र औषधालाही नाही.

आईने ट्रंक भरली. "इथे मेलं तरी दारात कोणी यायचं नाही. रविवारी मी चालले गिरगावला. तुम्ही बसा तुमच्या ब्लॉकमध्ये."

शनिवारी घरभर सर्दी. बाबांनी वाफाऱ्याचा घाट घातला. थेंब मोजणं त्यांना कद्रूपणा वाटला. अर्धी बाटली ओतली.

क्षणात आम्ही सगळे दाराबाहेर. डोक्यावर टॉवेल, डोळ्यांना धारा, घसे बंद.

समोरचं दार उघडलं. तोवर तोंडओळखही नव्हती.

"अगो बाय! कोन गेला?"

बाबांना बोलता येईना. त्यांनी नुसतं आत बोट दाखवलं.

काकू दार लावून गेल्या, त्या पिठलं-भात घेऊनच आल्या. माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही ना!

मागे कांबळेकाका, भलत्याच काळजीत. "मयताचं सामान तुर्भ्याला मिळंल काय? वाशीत अजून मरायची पन सोय नाय."

तेवढ्यात काकूंना वास आला. आत जाऊन पातेलं बघून आल्या.

"अवो, निलगिरी अशी ओततात? ती काय आमटी हाय? थोडक्यात वाचलात, नायतर खरंच उचलायला लागलं असतं!"

आई हसायला लागली. हसता हसता काकूंचा हात धरून खरोखरची रडली.

मग सगळ्यांनी मिळून ते पिठलं संपवलं.

रविवारी बाबांनी भीत भीत विचारलं, "गिरगावचं काय?"

"आज नाही जमायचं. कांबळेवहिनींनी संध्याकाळी बोलावलंय."

ती संध्याकाळ चाळीस वर्षं चालली.

आता आम्ही पुढच्या सेक्टरात राहतो. काल काकूंच्या घरून फोन आला तेव्हा आई काठी शोधत म्हणाली, "चल, उठ. तिच्या दारात पहिली मी पोचले पाहिजे."

पोचलो. आई काकूंच्या उशाशी बसली. मी येणाऱ्यांना चहा देत राहिले.

मधेच दाराबाहेरच्या चपला सरळ लावायला घेतल्या.

संपेचनात. जिना उतरून पार खालच्या मजल्यापर्यंत गेल्या होत्या.

जयभीम, काकू.