पाळकसाहेबांचं ‘माहीत नाही’

पाळकसाहेबांचा आवाज असा होता, की त्यांनी कुजबुजायचं ठरवलं तरी शेजारच्या घरातलं माणूस खिडकीशी येऊन "काय म्हणालात?" असं विचारायचं. चर्चमधल्या पोराटोरांनी त्यांचं नाव ‘भोंगा’ ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर आलं होतं आणि मनातून त्यांना ते आवडलंही होतं. रविवारी माईक बंद पडला तरी उपासना अडत नसे. त्यांची बायको शाळेत गणित शिकवायची. जेवताना ती म्हणायची, की तुमच्या उपदेशात आवाज भरपूर असतो, पुरावा मात्र जरा बेताचा. यावर पाळकसाहेब हसून आणखी एक पोळी मागून घेत.

त्यांच्या मंडळीत भिंगरी नावाची एक मुलगी होती. नाव अर्थातच पाळण्यातलं नव्हे, पण एका जागी टिकेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत. तिचे आजोबा चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे आणि आई घरी कपडे शिवायची. ती लहान असतानाच वडील गेलेले, त्यामुळे घरात ही तिघंच. सहावीत असताना भिंगरीचं पोट दुखायला लागलं, आधी सगळ्यांना वाटलं शाळा चुकवायची निमित्तं. मग तपासण्या झाल्या, आणि मुलांच्या कॅन्सरच्या वॉर्डात तिला एक खाट मिळाली.

पाळकसाहेब भेटायला गेले ते थेट प्रार्थनेला उभे राहिले. पहिल्याच वाक्याला पलीकडच्या खाटेवरचं तान्हं दचकून उठलं, त्याच्या रडण्यानं आणखी दोघं उठली, आणि वॉर्डभर जो काही सूर लागला तो ऐकून डॉक्टरबाई आपल्या खोलीतून बाहेर आल्या. सडसडीत बांध्याच्या, केस आखूड कापलेल्या, कामापुरतं बोलणाऱ्या बाई. त्यांनी पाळकसाहेबांना व्हरांड्यात नेलं आणि देवाला ऐकू कमी येतं का, असं शांतपणे विचारलं. पाळकसाहेब ओशाळले. त्यानंतर ते दर आठवड्याला यायचे, पण खाटेशेजारी नुसते बसायचे, फार तर भिंगरीशी सापशिडी खेळायचे. भिंगरी लबाडी करून जिंकायची आणि ते न बघितल्यासारखं करायचे.

पुढे एक दिवस डॉक्टरबाईंनीच त्यांना चहाला बोलावलं. मुलांवर कुठल्याही नव्या उपचाराचा अभ्यास करायचा, तर आधी रुग्णालयाची एक समिती तो तपासते. यात मुलांवर अन्याय तर होत नाही ना, आईबापांना खरं सांगितलं जातंय ना, हे ती बघते. त्या समितीत डॉक्टर नसलेलं, बाहेरचं एक माणूस हवं होतं. पाळकसाहेबांनी विचारलं, मीच का. बाई म्हणाल्या, की समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश आहेत, फार सज्जन, पण ठार बहिरे. त्यांच्यापर्यंत पोहोचेल असा आवाज गावात एकच आहे.

ही अर्धी थट्टा होती. उरलेलं अर्धं त्यांनी नंतर सांगितलं. जुना, अवघड मजकूर साध्या माणसाला समजेल असा सांगणं हेच तर पाळकाचं रोजचं काम. आणि डॉक्टरबाई स्वतः करणार होत्या त्या अभ्यासाचा मजकूर कुठल्याही जुन्या ग्रंथापेक्षा अवघड झाला होता.

अभ्यास होता तो असा. भिंगरीसारख्या मुलांना जे औषध देत, ते रोगावर चांगलं चालायचं, पण बऱ्याच मुलांच्या कानांना बाधायचं. बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे व्हायचे. तेच औषध भराभर न देता सावकाश, जास्त वेळ लावून दिलं, तर कान वाचतील का? आणि कान वाचवण्याच्या नादात औषधाचा जोर तर कमी होणार नाही? दोन्ही प्रश्नांची उत्तरं कुणालाच माहीत नव्हती. म्हणून निम्म्या मुलांना जुन्या पद्धतीनं द्यायचं, निम्म्यांना नव्या, आणि कोण कुठल्या गटात हे कॉम्प्युटर चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणार.

पाळकसाहेबांनी आईबापांसाठीची माहिती घरी बसून नव्यानं लिहून काढली. मोठी रसाळ झाली. ‘ही नवी पद्धत तुमच्या लेकराच्या कानांची काळजी घेईल,’ असं त्यांनी लिहिलं होतं. डॉक्टरबाईंनी वाचलं आणि ‘घेईल’ या शब्दावर बोट ठेवलं.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"नाही, म्हणजे... तशी आशा आहे ना?"

"आशा आहे. माहिती नाही. माहिती असती तर मी अभ्यास कशाला केला असता?"

पाळकसाहेब फुरंगटून घरी आले. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि वह्या तपासता तपासता म्हणाली, की जन्मभर वचनं वाटलीत, हात आखडायला वेळ लागणारच. ते म्हणाले, ती वचनं माझी नव्हती, देवाची होती. ती म्हणाली, मग देवाची देवाला देऊ द्या, डॉक्टरांच्या वतीनं तुम्ही कशाला देता?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रविवारच्या उपदेशाच्या तयारीला बसले. पवित्र शास्त्रातला भाग त्यांच्या आवडीचा होता, पक्षाघात झालेल्या माणसाला चौघे खाटेवर घालून येशूकडे नेतात तो. दारात ही गर्दी, आत शिरायला वाव नाही. मग चौघे घरावर चढतात, छप्पर उकरतात आणि खाट दोरांनी खाली सोडतात. या गोष्टीवर त्यांनी कितीदा तरी छप्पर उडवणारे उपदेश दिले होते. विश्वास ठेवा, छप्पर उघडेल, असा त्या सगळ्यांचा शेवट.

या वेळी मात्र त्यांनी ते समितीचा कागद वाचावा तसं वाचलं, शब्दाशब्दाला थांबत. आणि त्यांच्या लक्षात आलं, की पुढे काय होणार हे चौघांना माहीत होतं असं कुठंच म्हटलेलं नाही. आपला माणूस उठेल असं त्यांना कुणी लिहून दिलेलं नव्हतं. घरमालक ओरडणार हे मात्र नक्की होतं. तरी ते हातांनी माती उकरत राहिले, आणि शास्त्र त्यांच्या त्या उकरण्यालाच विश्वास म्हणतं. इतकी वर्षं विश्वास म्हणजे खात्री असं ते सांगत आले होते. खात्री नसतानाही उकरत राहणं हा विश्वास असेल, तर तो वॉर्डाच्या टोकाला असलेल्या अरुंद प्रयोगशाळेत, सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या माणसांतही होता. त्यातल्या काहींनी तर वर्षानुवर्षं चर्चचं दार पाहिलेलं नव्हतं.

त्या रविवारचा उपदेश छोटा आणि हळू आवाजात झाला. दोघा-तिघांनी तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं.

पाळकांचं त्या समितीत जाणं सगळ्यांनाच पटलं असं नाही. मंडळीचे ज्येष्ठ पंच, लोखंडाचं दुकान चालवणारे, रागावून आले. आजारी लेकरांसाठी प्रार्थना करायची की कॉम्प्युटरच्या चिठ्ठ्या टाकायच्या? हा तर जुगार झाला, आणि पाळक त्यात भागीदार. पाळकसाहेबांनी त्यांना बसवलं आणि आठवण करून दिली, की प्रेषितांनीही, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांनीही, रिकाम्या झालेल्या जागेवर माणूस निवडताना आधी प्रार्थना केली आणि मग चिठ्ठ्याच टाकल्या. दोन्ही माणसं योग्य, कोण अधिक योग्य ते कळेना, म्हणून. कुठली पद्धत बरी हे डॉक्टरांना माहीत असून त्यांनी चिठ्ठी टाकली असती तर ते पाप झालं असतं. माहीत नाही, म्हणूनच ती प्रामाणिक आहे. पंच उठून गेले, पण दार आपटलं नाही. ओळखणाऱ्यांनी ओळखलं, की माणूस विचारात पडलाय.

मग भिंगरीच्या आईची पाळी आली. संमती द्यायची की नाही, हे तिचं तिनं ठरवायचं होतं. समितीतल्या माणसानं गळ घालायची नाही, असं डॉक्टरबाईंनी पाळकसाहेबांना बजावून ठेवलं होतं. पण ती माउली दुसऱ्या कुणाला विचारणार? वॉर्डाबाहेरच्या बाकावर ती त्यांच्या शेजारी बसली. बोटाला सुई टोचून टोचून आलेले घट्टे ती दुसऱ्या हातानं चोळत होती.

"पाळकसाहेब, खरं सांगा. माझ्या पोरीला चांगल्या गटात घालेल ना देव?"

घालेल, हा शब्द जिभेवर तयार होता. जन्मभराची सवय. त्यांनी तो गिळला.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "चांगला गट कुठला, हेही आज कुणाला माहीत नाही. कुठल्याही गटात गेली तरी तिला औषध पूर्ण मिळेल आणि मी येत राहीन, एवढं माहीत आहे."

ती म्हणाली, की इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी आपल्याशी सरळ बोललं. नाहीतर जो तो पाठीवर हात ठेवून सगळं ठीक होईल म्हणतो आणि घाईघाईनं लिफ्टकडे जातो. तिनं भिंगरीलाही विचारलं. भिंगरी म्हणाली, सुया तेवढ्याच असतील तर माझी हरकत नाही. दोघींनी सह्या केल्या. चिठ्ठी निघाली ती जुन्या पद्धतीची.

अभ्यासात मुलांचे कान वारंवार तपासायचे होते, आणि नेमकी तीच अडचण. रुग्णालय हमरस्त्यावर, खिडक्या लावल्या तरी ट्रक आत येतच. चर्चच्या मागची खोली मात्र जाड भिंतींची, आत गेलं की आपलाच श्वास ऐकू यावा अशी. पाळकसाहेबांनी ती देऊ केली. पंचांनी हरकत घेतली नाही. उलट तपासणीच्या पहिल्याच दिवशी ते तेलाची बुधली घेऊन आले आणि दाराच्या बिजागऱ्या, खिडकीच्या कड्या, खुर्चीचे सांधे, जे जे कुरकुरेल त्याला त्याला तेल घालून गेले. पुढे तर तपासणी चालू असताना ते स्वतः अंगणात पहाऱ्याला बसू लागले. फाटकातून कुणी मोठ्यानं बोलत आलं की बोट ओठांवर. सर्वांत जास्त वेळा ते बोट पाळकसाहेबांनाच दाखवावं लागलं. शेवटी तपासणीच्या दिवशी पाळकांनी चर्चच्या आवारातच फिरकायचं नाही, असा ठराव झाला आणि त्यांनी तो आनंदानं मान्य केला.

भिंगरी बरी झाली. वेळ लागला, केस गेले आणि कुरळे होऊन परत आले, पण रोग गेला. कान मात्र थोडे गेले. आजोबा ऑर्गनच्या उजव्या टोकाच्या पट्ट्या दाबायचे तेव्हा तिला नुसता पट्टीचा खट् असा आवाज यायचा, सूर यायचा नाही. आजोबांनी ते मनाला फार लावून घेतलं. काही दिवस त्यांनी त्या पट्ट्यांना हातच लावला नाही. मग एक दिवस भिंगरीच म्हणाली, की आजोबा, तुम्ही वाजवा, मी तुमच्या बोटांकडे बघते, मला कळतं. तेव्हापासून ते पुन्हा सगळा ऑर्गन वाजवू लागले.

अशा अभ्यासांना वर्षं लागतात. निकाल आला तेव्हा भिंगरी कॉलेजात जायला लागली होती. सावकाश दिलेल्या औषधानं रोग तितकाच बरा होत होता आणि कान बरेच जास्त वाचत होते. रुग्णालयात त्या दिवशी सगळे एकमेकांचे हात हातात घेत होते. डॉक्टरबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या होत्या. पाळकसाहेबांना मात्र आनंदाच्या जोडीला एक धास्ती होती. भिंगरीला सांगायचं कसं? चिठ्ठी दुसरी निघाली असती तर, हा विचार तिच्या मनात येणारच.

ते भिंगरीच्या घरी गेले, आई मशीनवर होती, भिंगरी टेबलाशी जेवत होती. त्यांनी आडवळणं न घेता सांगून टाकलं. मशीन थांबलं.

भिंगरीनं घास संपवला. "म्हणजे आता सगळ्या पोरांना सावकाशच देणार?"

"हो."

"आम्ही वेगवाले नसतो, तर सावकाश बरं हे कळलं असतं का?"

"नसतं कळलं. ताडून बघायला दोन्ही लागतात."

"मग आम्ही पण काम केलंय," ती म्हणाली आणि भाजी वाढून घ्यायला उठली. जाता जाता तिनं हेही सांगितलं, की वाईट वाटत नाही असं नाही, कधीकधी खूप वाटतं, पण आत्ता भूक लागलीय. भिंगरीच्या आईनं त्यांच्यापुढेही ताट ठेवलं.

समितीतून न्यायाधीश वयोमानानं निवृत्त झाले. पाळकसाहेब अजून आहेत, आणि आता बाहेरची आणखी एक व्यक्ती आहे, भिंगरीची आई. लाल पेन्सिल घेऊन ती त्यांच्या शेजारी बसते. परवा एका नव्या अभ्यासाच्या माहितीत पाळकसाहेबांनी लिहिलं होतं, ‘डॉक्टर तुमच्या मुलाला नक्कीच यातून बाहेर काढण्याचा प्रयत्न करतील.’ तिनं ‘नक्कीच’ उचलून थेट ‘प्रयत्न’च्या आधी नेऊन ठेवलं, कारण नक्की होता तो प्रयत्न, बाहेर निघणं नव्हे, आणि वाक्य त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"हं. आता खरं झालं," ते म्हणाले. हळूच म्हणाले, पण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्यांनी माना वर केल्या.