न सुकणारा लेप

वैद्यबाईंना किळस यायला फारसं काही लागत नसे. पेशंट खुर्चीत टेकला की आधी "जीभ दाखवा", मग "पोट साफ होतं का", आणि मग "झोपता किती वाजता". उत्तरं ऐकता ऐकता बाईंचं नाक मुरडत जाई. रात्री दोनपर्यंत मोबाइल, सकाळी उपाशीपोटी तीन कप कॉफी, दुपारचं जेवण चार वाजता आणि तेही उभ्या उभ्या. वर तोंड करून विचारायचं, "बाई, माझी पाळी का हो चुकते?"

"पाळी नाही चुकत, तुम्ही चुकता," बाई म्हणत.

ड्रायक्लीनिंगच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांनी चोवीस वर्षं हेच ऐकलं होतं. मुरुमं, वांग, अंगावर उठणारं पित्त, थायरॉइड, सुटलेलं पोट. सगळ्यांना गुण हवा, पथ्य नको. त्यातही त्यांच्या डोक्यात जायचे ते ट्यूबवाले. कुणीतरी सांगितलं म्हणून मेडिकलमधून स्टिरॉइडची ट्यूब आणायची, महिनोन्‌महिने तोंडाला चोपडायची आणि कातडीची वाट लावून इथे यायचं. पातळ पडलेली लालभडक त्वचा, गालावर बारीक शिरांचं जाळं, हनुवटीवर लव. असा चेहरा बाई दारातूनच ओळखत आणि पहिली दहा मिनिटं नुसतं फैलावर घेत.

स्वतःचा लेप मात्र त्या जिवापाड जपत. औषधी चूर्ण कागदाच्या पुडीत द्यायच्या, घरी पाण्यात कालवून लावायचं, आणि सुकायला लागलं की लगेच धुवायचं. सुकून तडकलेला लेप कातडी ओढतो, हे त्यांनी हजारदा तरी सांगितलं असेल. गुण यायला दीड-दोन महिने लागत.

गेल्या वर्षी बाईंचं मनगट गेलं. खल धरवेना. तेव्हापासून आतल्या खोलीतलं औषध बनवायचं काम दिराने, भाऊजींनी, घेतलं. "वहिनी, लोकांना कालवायला वेळ कुठे आहे? आपण तयार लेपच डबीत देऊ," ते म्हणाले. बाई हो म्हणाल्या. आणि काय सांगावं, आठ-आठ दिवसांत चेहरे उजळायला लागले. बाक पुरेना, खुर्च्या जिन्यात मांडाव्या लागल्या. लोक म्हणायला लागले की बाईंच्या हाताला गुण आहे. बाईही हरभऱ्याच्या झाडावर चढल्या. इतक्या वर्षांची तपश्चर्या फळाला आली, असं त्यांनी मनाशी ठरवूनसुद्धा टाकलं.

एका मंगळवारी कापडदुकानातली मुलगी आली. काउंटरवर उभं राहायचं काम, दिवसभर लोकांच्या नजरेसमोर चेहरा. दहा महिन्यांपूर्वी हनुवटीवरची मुरुमं आणि अनियमित पाळी घेऊन आली होती. सांगितलेलं पथ्य अक्षरशः पाळणारी ही एकटीच. झोप, जेवण, चालणं, सगळं वेळच्या वेळी. पाळी मार्गी लागली होती. आज ती ओढणी गुंडाळून आली होती, आणि ओढणी सरकवताच बाईंची तळपायाची आग मस्तकात गेली. पातळ, लाल, शिराळ चेहरा, वर लव.

"कुठली ट्यूब लावलीस?"

"ट्यूब नाही बाई. तुमचाच लेप."

"खोटं बोलू नकोस. मी काही आजच नाही असे चेहरे बघत. शी, एवढी शहाणी मुलगी, आणि तूही?"

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "खरंच बाई. रोज झोपताना लावते, सकाळी धुते."

"रात्रभर? सुकायच्या आत धुवायचा म्हणून कितीदा सांगितलं होतं?"

"पण तो सुकतच नाही," ती म्हणाली. "सकाळपर्यंत ओलाच असतो."

मुलीला बाहेर बसायला सांगून बाईंनी नवी डबी उघडली आणि बोटभर लेप मनगटाच्या वर लावला. पुढचे तीन पेशंट त्यांनी तसेच तपासले. पाऊण तासाने हात दिव्याखाली धरला. पाण्यात कालवलेलं चूर्ण असतं तर एव्हाना तडकून पडलं असतं. हे मात्र तुपासारखं चकचकत होतं. गेलं वर्षभर रोज ही डबी त्यांच्या हातून जात होती, आणि एकदाही त्यांनी ती स्वतःच्या अंगाला लावून बघितली नव्हती.

आतल्या खोलीत भाऊजी डब्या भरत होते. त्यांनी लपवालपवीसुद्धा केली नाही.

"डबीला एक ट्यूब, बस. विष थोडंच घातलंय? गुण येतोय ना, वहिनी? नाव तुमचंच होतंय."

बेसिनकडे जाऊन बाईंनी हात साबणाने तीनदा धुतला, तरी बोटं बुळबुळीतच वाटत राहिली. भाऊजींची किळस होतीच. पण खरी मळमळ निराळीच होती. आठ दिवसांत वांग जात नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. कौतुक गोड लागत होतं, म्हणून त्यांनी विचारलं नव्हतं.

भाऊजींना त्यांनी त्याच पावली घरी पाठवलं. मग बाहेर येऊन त्या बाकावर मुलीच्या शेजारी बसल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तू खरं बोललीस. माझ्याच डबीत स्टिरॉइड होतं. आजपासून बंद कर. चेहरा आधी अजून भडकेल, निवळायला महिने लागतील. त्वचेच्या डॉक्टरांना चिठ्ठी देते, मी स्वतः बरोबर येते."

मुलीने ओढणी पुन्हा चेहऱ्याभोवती गुंडाळली. "तुम्ही मला खोटारडी म्हणालात," ती म्हणाली. आणि मग, "बाकीच्यांना सांगणार आहात ना?"

डबी नेलेले दोनशे अकरा जण रजिस्टरात होते. बाईंनी दवाखाना बंद केला आणि पहिल्या नावापासून फोन लावायला घेतला. कुणी रडलं, कुणी मधेच फोन ठेवला. एका मुलीच्या वडिलांनी देऊ नयेत त्या शिव्या दिल्या, आणि बाईंनी त्या शेवटपर्यंत ऐकून घेतल्या.

सातव्या फोनवरच्या बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. "ते सगळं ठीक आहे हो," त्या म्हणाल्या, "पण पुढच्या महिन्यात भावाचं लग्न आहे. एक डबी मिळेल का? तुमच्याकडे नसेल तर तुमच्या दिरांचा नंबर द्या."

वैद्यबाई फैलावर घ्यायला गेल्या आणि थांबल्या. या बाईला आठ दिवसांच्या गुणाची चटक लावली होती ती त्यांनीच. त्यांनी आवाज खाली आणून कातडीचं, शिरांचं, लवेचं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

पलीकडून "हं, हं" येत राहिलं. "म्हणजे," त्या बाई शेवटी म्हणाल्या, "नंबर नाहीच द्यायचा का तुम्हाला?"