तीनदा गेलेला गवई

नाटक चालू असताना मागच्या रांगेत कोणी मोठ्यानं बोललं, की माझी सून वळून डोळे वटारते. मी वटारत नाही. मला तो हक्क उरलेला नाही.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आम्ही सोनाळ्याचे. वडिलांची कपाशी, ज्वारी आणि विहिरीवर थोडा भाजीपाला. सातवीनंतर माझी शाळा सुटली होती आणि घरात लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं. खामगावचं एक स्थळ आलं, कापसाच्या व्यापारातलं. मुलगा मी पाहिलेला होता. हिवाळ्यात तो त्याच्या काकासोबत आमचा कापूस पाहायला आला, तेव्हा पाण्याचा तांब्या मीच नेऊन दिला होता. आमच्या भागात खारं पाणी पिणारी गावं पुष्कळ, आमच्या विहिरीचं मात्र गोड. त्यानं तांब्या संपवला आणि म्हणाला, "अजून देता का? असं पानी आमच्याकडे नाही." मी अजून दिलं. एवढंच झालं. पण तेवढ्यावर मी तो सगळा हिवाळा काढला. तो मला आवडला होता आणि हे लग्न व्हावं असं मला फार वाटत होतं. हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगायची रीतच नव्हती.

स्थळ आणलं होतं काकूनं. तिचं माहेर खामगावचं. मुलाच्या आईला मुलगी आधी गुपचूप पाहायची होती, कांदेपोह्यांच्या आत. घरी पाहायला येऊन नकार दिला तर गावभर बोभाटा होतो, त्यापेक्षा हे बरं. तेव्हा खामगावात एक नवीन संगीत नाटक आलं होतं. टॉकीजचा सिनेमा बंद ठेवून रविवारी दुपारी खेळ लावला होता. काकूनं आणि त्या बाईनं मिळून ठरवलं की काकूनं मला घेऊन नाटकाला यायचं, शेजारी बसायचं आणि त्या बाईनं मला पाहून घ्यायचं.

एसटीत काकू मला सारखी बजावत होती. "दात दाखवू नको. रडू बी नको, काजळ उतरते. डोक्यावरचा पदर हालला नाही पाह्यजे. त्या नाटक नाई पाहनार, तुलेच पाहतीन."

"मंग मी नाटक पाहू का नको?" मी विचारलं.

"पाह्य. पन पाह्यल्यासारखं दिसू नको."

आता हे कसं करायचं, ते काकूलाच ठाऊक. मी आयुष्यात पहिल्यांदा नाटक पाहणार होते. त्याआधी पाहिलेलं म्हणजे जत्रेतला तमाशा, तोही लांबून, बैलगाडीत उभं राहून.

टॉकीजात डाव्या अंगाला बायकांची बाजू होती, मधे कापडाचा पडदा. पडदा जुना होता आणि बऱ्याच ठिकाणी फाटलेला. मुलाची आई आमच्या आधीच येऊन बसली होती. धिप्पाड बाई, मोठं कुंकू, पण चेहरा मायाळू. तिनं मला आपल्या शेजारी बसवून घेतलं, माझ्या हातावर फुटाणे ठेवले आणि विचारलं, "गानं येते का वं तुले?"

"थोडंसं," मी म्हणाले, दात न दाखवता.

फाटक्या पडद्यातून मला तो दिसला. मित्रांसोबत पुढच्या बाकावर बसला होता. आपली आई कशासाठी आली आहे हे त्याला माहीत असावं, कारण त्यानं एकदा पडद्याकडे पाहिलं आणि लगेच टोपी सारखी केली.  मी पदर आणखी पुढे ओढला.

पायपेटी सुरू झाली आणि नाटक उघडलं. गोष्ट साधीच होती. गावात एक गवई येतो, पाटलाच्या मुलीचं आणि त्याचं मन जुळतं. पहिल्या अंकात ती दोघं गात होती तोवर मी दगडासारखी बसले. गवयाच्या पागोट्यात पाय अडकून विनोदी नोकर पडला, सगळी टॉकीज हसली, मी गालाचं मांस दातात धरून ठेवलं. काकूनं माझ्याकडे पाहून मान हलवली, शाब्बास म्हणून.

दुसऱ्या अंकात मात्र पाटलाला कळतं. तो भर पंचायतीत मुलीला उभी करतो, समोर गवयाला उभा करतो आणि विचारतो, की या माणसाशी तुझी ओळख आहे का? आहे म्हण, मी आत्ता लग्न लावून देतो. नाही तर हा सूर्य मावळायच्या आत गावाबाहेर जाईल. आणि ती बोलत नाही. चारचौघांत बापापुढे तोंड कसं उघडायचं म्हणून पायाच्या नखाकडे पाहत राहते. गवई थोडा वेळ थांबतो, मग निरोपाचं गाणं म्हणतो आणि निघून जातो.

माझे डोळे भरून आले. मी वर आढ्याकडे पाहिलं, म्हणजे काजळ उतरणार नाही. शेजारी पाहते तर मुलाची आई पदर तोंडात कोंबून रडत होती. काकूसुद्धा रडत होती. बजावलं होतं फक्त मला.

तेवढ्यात पुरुषांच्या बाजूनं ओरडा झाला, "वन्समोर!"

ज्यांनी ती नाटकं पाहिली नाहीत त्यांना सांगते. गाणं आवडलं की लोक वन्समोर द्यायचे, आणि वन्समोर मिळाला की नटाला ते पुन्हा म्हणावंच लागायचं. मग गोष्ट कुठं का असेना. गवई विंगेत गेला होता तो परत आला, तिच्यासमोर उभा राहिला आणि पुन्हा निरोप घ्यायला लागला. ती बिचारी नखाकडे पाहत तशीच उभी. मला वाटलं, बरं झालं, आता तिला दुसरी संधी मिळाली. आता बोलेल. नाटकात असं नसतं हे मला कोण सांगणार? गाणं संपलं, ती बोलली नाही, तो पुन्हा गेला.

"वन्समोर!" या वेळी आवाज मी ओळखला. फटीतून पाहिलं तर तोच होता, हात वर करून. अजून देता का, म्हणणारा.

गवई तिसऱ्यांदा आला. त्याचा घसा बसला होता, त्यामुळे गाणं आणखीच खरं वाटायला लागलं. मुलाच्या आईनं रडता रडता माझा हात धरला. ऊबदार, जाड हात होता. आपली आई लग्नात जसा धरेल तसा. मी मनाशी म्हटलं, ठरलं आपलं. आणि समोर ती बया नखाकडे पाहत उभीच, आणि तो निघाला, विंगेपाशी पोचला. मला काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. मी बाकावरून उठले होते हेसुद्धा मला नंतर काकूकडून कळलं.

"बोल न वं माय! काऊन गप्प राह्यली? गेला न तो!"

पायपेटी थांबली. मग पुरुषांच्या बाजूनं हसण्याचा लोंढा आला. कोणी तरी माझीच नक्कल करून ओरडलं, "बोल न वं!" स्टेजवरच्या बाईचे खांदे हलायला लागले. ती तोंडावर पदर घेऊन हसत होती का रडत होती, कळलं नाही. पडदा घाईघाईनं पाडला. मी खाली बसले तेव्हा काकू माझ्या मांडीला चिमटा घेत होती आणि माझा हात मोकळा होता. मुलाच्या आईनं तो कधी सोडला, ते मला समजलंच नाही.

तिसऱ्या अंकात ती मुलगी घर सोडून गवयाला शोधायला निघते, तो सापडतो, गोड होतं सगळं. मी ते पाहिलं, पण माझ्या काही डोक्यात शिरलं नाही. बाहेर पडताना मुलाची आई काकूला म्हणाली, "तुमच्या गाडीचा टाइम होत असन." माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. तो सायकलींपाशी उभा होता. त्यानं मात्र पाहिलं. हसला. चिडवून नाही हसला, हे मी आजही शपथेवर सांगेन. परतीच्या एसटीत मी खिडकीतून पाहत एकच धरून बसले होते, की तो घरी बोलेल. म्हणेल, मला हीच पाहिजे.

पुढच्या आठवड्यात निरोप आला. पोरगी चांगली आहे, पण चार लोकांत भान राहत नाही.

"पोरगा काय म्हने?" मी काकूला विचारलं. तेवढं तरी मी विचारलं.

"तो काय म्हननार? गप्पच होता म्हने." मग ती ज्वारी पाखडता पाखडता म्हणाली, "दैव देते अन् कर्म नेते, दुसरं काय." मी तिच्यावर चिडले नाही. चिडायचं कोणावर, हेच कळत नव्हतं. त्या बाईवर चिडावं तर तीही माझ्याइतकीच रडली होती.

उन्हाळ्यात बीबी गावचं स्थळ आलं. माणसं चांगली होती, शेती होती, मुलात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. फक्त तो मला आवडला नव्हता, आणि हे कारण होऊ शकतं असं आमच्याकडे कोणाच्या गावी नव्हतं. आमच्यात एक रीत आहे. सुपारी फोडण्याआधी बाप मुलीला चारचौघांत विचारतो. आणि मुलगी गप्प राहिली, की तो होकार धरतात.

ओसरीवर पाहुणे बसले होते. मला आणून उभं केलं. वडील प्रेमळच होते, त्यांनी प्रेमानंच विचारलं, "काय वं बाई, पसंत हाये न तुले?"

मी पायाच्या नखाकडे पाहिलं. नखाला हळदीचा पिवळा डाग होता.  दाराआड काकू उभी होती, मला तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या. टॉकीजात मी काय ओरडले होते, ते तिला पाठ होतं. कितीदा तरी आम्ही दोघी त्यावर हसलोही होतो. मी थांबले. वडीलही थोडं थांबले. मागून कोणी ओरडलं नाही.

मग काकू बाहेर आली आणि साखरेची वाटी तिनं माझ्याच हातात दिली, सगळ्यांना वाटायला.