धाकटीची शिंक

माझी धाकटी जाऊ गाद्या भरायची. मीही भरायची, पण ही गोष्ट तिची आहे आणि ती गोड करून सांगायची मला हौस नाही. मला ती आवडत नव्हती.

गल्लीत तिला शुक्रवाली म्हणायचे, ऊठसूट अल्लाहचे आभार मानणारी. बादली लवंडली की म्हणायची, "अल्हम्दुलिल्लाह, पाय तरी धुतले गेले." छत गळलं की, "अल्हम्दुलिल्लाह, छत आहे म्हणून गळलं." सगळी स्तुती अल्लाहची, हे मलाही मान्य. पण दिवसातून शंभरदा, तेही माझ्या कानाशी? माणसानं धड कुरकुरायचंही नाही?

तरी एवढ्यावरून मी कुणाशी बोलणं टाकत नाही. माझी सहा वर्षांची लेक तापानं गेली. बायका रडत होत्या, मी भिंतीला टेकून दगडासारखी बसले होते. ही माझ्या शेजारी बसली, लेकीच्या कपाळावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाली, "अल्हम्दुलिल्लाह." सगळ्यांनी ऐकलं. हिची स्वतःची लेक तेव्हा दारात उड्या मारत होती. त्या दिवसापासून अकरा वर्षं मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही.

काम मात्र सुटलं नाही. गादी एकटीनं शिवून होत नाही. लाकडी चौकटीवर गादी आडवी टाकायची, वरून मी हातभर लांब सुई आरपार घालायची, खाली बसून तिनं ती ओढायची आणि बोटभर अंतरावरून परत वर पाठवायची. एका गादीला ऐंशी टाके. खालच्या माणसाच्या तोंडावर सगळा कापूस झडतो. थोरली म्हणून वरची जागा माझी. सुई एकदोनदा तिच्या बोटात गेली. मुद्दाम नाही, पण अगदी चुकूनही नाही.

कापसाच्या धंद्यात शिंकांना तोटा नाही. आमच्यात शिंकणाऱ्यानं "अल्हम्दुलिल्लाह" म्हणायचं आणि ऐकणाऱ्यानं "यर्हमुकिल्लाह", अल्लाह तुझ्यावर दया करो, असं उत्तर द्यायचं. तो शिंकणाऱ्याचा हक्कच. ती खालून शिंकायची, म्हणायची आणि थांबायची. मी उत्तर गिळायची आणि सुई घालायची.

मग एका सकाळी धाकटे दीर तिला दवाखान्यात घेऊन गेले. परत येऊन म्हणाले, "छातीत कापूस बसलाय. आजपासून काम बंद." मनात म्हटलं, सुटले एकदाची. पण ती खाली जाऊन बसली. "हातातली तेवढी पुरी करते," नवऱ्याला म्हणाली. ते डोकं हलवत निघून गेले.

दहाव्या टाक्याला ती शिंकली. मी गिळायची तयारी केली. खालून काहीच आलं नाही.

परत शिंकली. काही नाही. न म्हणणाऱ्याला उत्तर द्यावं लागत नाही. मी मोकळी होते. मग माझा हात सुईवर का थांबला, कोण जाणे.

"काय गं, जीभ दवाखान्यात ठेवून आलीस?"

"अकरा वर्षांनी तोंड उघडलंत, तेही टोमण्यासाठी!"

"आधी म्हण."

"येत नाही. सकाळपासून येत नाही. पंधराव्या वर्षापासून हेच काम हातात आहे. आता काय भिंतींकडे बघत बसू? कशाबद्दल म्हणू?"

"माझ्या लेकीच्या वेळी बरं आलं!"

ती चौकटीखालून बाहेर आली. केसांत, भुवयांत कापूस. "तुमच्यासाठी म्हटलं मी ते! मूल गेल्यावर आईबापानं स्तुती केली तर जन्नतमध्ये त्यांच्या नावानं घर बांधतात, हे मामंजींनी दोघींना शिकवलं होतं ना? तुमचे ओठ शिवल्यासारखे झालेले. दोनदा कानात सांगितलं. मग मीच म्हटलं, तुमच्या वतीनं. घर हातचं जाऊ नये म्हणून."

"मला विचारलंस?"

"तुम्ही विचारण्यासारख्या होतात?"

"असं दुसऱ्याच्या वतीनं म्हटलेलं पोचतं?"

"मला काय ठाऊक! मी काय मौलाना आहे? आणि छातीचं म्हणाल, तर अकरा वर्षं मला खाली कोणी बसवलं?"

खरं ऐकलं की मला फार राग येतो. तेवढ्यात तिला तिसरी शिंक आली. तोंड उघडलं, ओठ हलले, शब्द काही येईना. डोळ्यांतून पाणी मात्र आलं.

मीच म्हटलं, मोठ्यानं, "अल्हम्दुलिल्लाह."

"शिंक माझी आहे," ती नाक पुसत म्हणाली.

"मग? लेक माझी होती."

मी तिला कोपरानं बाजूला सारलं आणि गुडघे धरत खाली जाऊन बसले. "जा वर. उरलेले टाके तू वरून घाल."

तिनं सुई अशी घातली की कापसाचा ढीग माझ्या तोंडावर. मी शिंकले. अल्लाहची स्तुती केली. वरून लगेच आलं, "यर्हमुकिल्लाह. आणि सुई सरळ पाठवा, वाकडी येतेय." तिला उत्तर गिळणं कधी जमलंच नव्हतं.

साठाव्या टाक्याला माझ्या नाकात, कानात, गळ्यात सगळीकडे कापूस. आणि शिंक नाही, काही नाही, वरून हळूच आवाज आला, "अल्हम्दुलिल्लाह."

"आता कशाबद्दल?" मी ओरडले.

"तुम्ही खाली आहात म्हणून."