पाठीवरची शेवटची थाप

टोकियोच्या कडेच्या त्या गल्लीत कुवाझोइतका सुखी माणूस दुसरा नव्हता, आणि हे तो स्वतःच येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. मिसरूड फुटायच्या आधीपासून सार्वजनिक हमामात लोकांच्या पाठी चोळणं हा त्याचा धंदा. आता साठी उलटली, घरोघरी न्हाणीघरं झाली, बाकीचे पाठ चोळणारे केव्हाच गेले. हा आपला कमरेला फडकं गुंडाळून अजून उभा. चोळून झालं, पाणी ओतलं, की गिऱ्हाइकाच्या खांद्यांवर पोकळ हातानं अशी खणखणीत थाप मारायचा की गल्ल्यावर उंच बसलेली मालकीण इसोए समजायची, एक झाला.

गिऱ्हाइकांची नावं मात्र त्याला ठाऊक नसत. हमामात नाव विचारतं कोण? नागड्या माणसाला कसलं नाव नि कसला हुद्दा. तो पाठीवरून ओळखायचा. मणक्यावर मोठा तीळ असलेला एक तरुण होता, तो तीळवाला. दुपारी चारला हमाम उघडून दाराला पडदा लागला की हा हजर. सगळ्यांना नमस्कार, उठताना स्टूल धुऊन ठेवणार, जाताना कॉफीच्या दुधाची एक बाटली पिणार. इसोए म्हणायची, जावई करावा तर असा.

एकदा त्याची पाठ चोळताना कुवाझोनं आदल्या वर्षीच्या, म्हणजे १९७४च्या ऑगस्टमधल्या बॉम्बची गोष्ट काढली. मारुनोउचीत, मोठमोठ्या कचेऱ्यांच्या भागात, भर दुपारी फुटला होता, रस्त्यावर काचांचा पाऊस पडला होता, आठ जण गेले होते.

"बिचारे," कुवाझो म्हणाला.

"बिचारे कसले? जपानी होते," तीळवाला म्हणाला.

"आणि तू कोण रे?"

"मीही जपानीच. म्हणून तर बोलतोय. कोरिया ओरबाडला, उत्तरेतल्या ऐनू आदिवासींच्या जमिनी लाटल्या, त्यावर आपण चरतोय. हे गरम पाणीसुद्धा त्यातलंच, काका. इथे निष्पाप कोणी नाही."

"पाण्याखाली लाकडं मी घालतो, ते राहू दे," कुवाझो म्हणाला. "पण तू म्हणतोस त्यात खोटं काही नाही. मंचुरियात मी फौजेत होतो तेव्हा भात सांडला म्हणून आमच्या लोकांनी एका कोरियन हमालाला तुडवला, मी उभा राहून बघितलंय. त्याचा जाब मला विचार ना. डबा घेऊन चाललेल्या टायपिस्ट पोरीला काय विचारतोस? उद्या माझ्या शिगेलाही विचारशील."

शिगे म्हणजे त्याची बायको. क्योबाशीत एका मोठ्या व्यापारी कंपनीचे जिने पुसायची. तिच्या तक्रारी सांगितल्याशिवाय कुवाझोच्या हातून कोणाची पाठ निघत नसे.

पुढे मे महिन्यात एके दिवशी आंघोळ आटोपताना तीळवाल्यानं विचारलं, "काकू उद्या कामाला जाणार?"

"नाहीतर काय, घरी बसून माझं डोकं खाणार?"

"खाऊ द्या. उद्या पाठवू नका." आणि दूध न पिताच निघून गेला.

कुवाझो तसाच ओल्या अंगानं घरी पळाला. शिगे मासा भाजत होती.

"उद्या घरी राहा."

"का? जिने कोण पुसेल? माझ्या जोडीच्या ओक्योच्या गळ्यात पडतील, आणि तिचे गुडघे आधीच कामातून गेलेत."

"पडू दे ओक्योच्या गळ्यात!" तो ओरडला, आणि स्वतःचंच बोलणं ऐकून चपापला. तीळवाल्यानं त्या इमारतीतून एक शिगे तेवढी वगळली होती, बाकीच्यांचं काही का होईना. आणि कुवाझोनं तरी दुसरं काय केलं होतं? लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. तडक चौकीवर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखाली, शिगेच्याच बादल्यांमागे, ते पुडकं सापडलं. माणसं बाहेर काढली, बॉम्ब निकामी केला, बातमी मात्र दाबून ठेवली, कारण माणूस सापडायचा होता.

"नाव?" पोलिसांनी विचारलं.

"माहीत नाही."

"दिसतो कसा?"

"समोरून? बरा आहे. पाठ दाखवा, लगेच सांगतो."

म्हणून चारच्या आधीच साध्या वेशातले, म्हणजे कसल्याच वेशात नसलेले, तीन पोलीस कढत हौदात जाऊन बसले. हौदात टॉवेल घालायचा नाही हा हमामाचा नियम; एकानं तो बुडवला तेव्हा इसोएनं त्याला असा झापला की तो बिचारा हौदात असूनही गारठला. ठरलं होतं एवढंच: कुवाझोची थाप ऐकली की उठायचं.

तीळवाला आला. दिवसभर रंगाऱ्याच्या कारखान्यात यंत्रांच्या धडधडाटात होता, काही कानावर आलं नव्हतं; हात अजून निळे होते. स्टुलावर बसला. पाठ नुसती फळी झाली होती.

"काकू गेल्या नाहीत ना?"

"गेली होती."

त्या पाठीचा श्वासच थांबला. कुवाझोनं जरा थांबू दिला.

"वेळेवर बाहेर काढलं सगळ्यांना. ओक्योलासुद्धा. कोणाला ओरखडा नाही."

आणि त्याच्या तळव्यांखाली ती पाठ हळूहळू सैल पडत गेली. इतक्या महिन्यांत ती अशी कधी लागली नव्हती. कुवाझोला रडू आलं. त्यानं पाणी ओतलं, परत ओतलं, आणखी एकदा ओतलं. हात काही उचलवेना. हौदातले तिघे उकडलेल्या खेकड्यांसारखे लाल होऊन त्याच्याकडे बघत होते.

तीळवाल्यानं त्या तिघांकडे पाहिलं, मग कुवाझोकडे, आणि मान खाली घातली.

"काका," तो म्हणाला, "थाप राहिली."

कुवाझोनं मारली, नेहमीसारखीच खणखणीत. बाहेर इसोएनं सवयीनं कॉफीच्या दुधाची बाटली काढून ठेवली.