तिची बोली

१९९०च्या सुमारास जतच्या नोंदणी कचेरीबाहेर लिंबाखाली एक दस्तलेखक टेबल मांडून बसत. पेनाचं टोपण दातांत धरून दस्त लिहीत. मी रोज तिथून जायचो. जमीन देणाऱ्याकडून स्वतः ऐकल्याशिवाय एक ओळही लिहायची नाही, हा त्यांचा नेम. सीमेवरचे लोक येतात म्हणून कन्नड शिकलेले. चुकलं की गिऱ्हाईक हसायचं. तेही हसायचे आणि तोच शब्द पुन्हा म्हणून घ्यायचे.

एकदा एक शेतकरी मुक्या-बहिऱ्या बहिणीला घेऊन आला. वडिलांच्या जमिनीतला वाटा तिने सोडल्याचा कागद करायचा होता.

"मुकी हाय ती, तिला काय इचारताय? अंगठा देती की!"

"मग तिची बोली शिकाय लागंल. तुमी तवर च्या पिऊन या, पावनं."

ते तिच्यापुढे उकिडवे बसले. बैल, विहीर, बांध यांची चित्रं काढून दाखवत गेले. तिने प्रत्येकाची खूण शिकवली. मग जमीन भावाला द्यायची का, असं त्यांनी हातांनी विचारलं. तिने मातीत शेताची चौकट काढली, तिच्यावर तळहात दाबला आणि ठामपणे मान हलवली.

भाऊ परतला. "झालं का लिवून?"

"न्हाई म्हणती ती."

"आवं, समद्याच भनी खुशीनं देत्यात!"

ती खुशी विचारून बघणारा एवढा एकच माणूस मी पाहिला.

भाऊ ओरडत राहिला. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. 'भाऊ' म्हणायची त्यांची खूण चुकली होती आणि ती त्यांची बोटं धरून नीट करत होती.